खोलीच्या तापमानाला

विष्णुपंत सरांना सरळ रेषा फार आवडे. माणसं वाकडी असली तरी चालतील, आलेख सरळ हवा. म्हणून मे महिन्यात सुकन्याने काढलेला आलेख पाहून स्वारी खुलली.

"पस्तीस अंशांना उडी मारतो म्हणे या द्रव-स्फटिकाचा परावैद्युतांक! आपल्याकडे कुठं मारली? पोरी, साऱ्या जगाला खोटं पाडलंस. उद्याच शोधनिबंध धाडू. तुझं नाव पहिलं!"

सुकन्याचा तो पहिलाच निबंध, आणि पीएच.डी.ची सही सरांच्याच हातात. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. डिसेंबरात हाच द्रव-स्फटिक दुधासारखा गढूळ होता, तेव्हा सरांनी "नासलाय" म्हणून बाटली कपाटात कोंबली होती. आता तो पाण्यासारखा नितळ, म्हणून "शुद्ध झाला!"

"खोबरेलावानी हाय की म्याडम," प्रयोगशाळेतले भिमाजी म्हणाले. "थंडीत येगळं, उन्हाळ्यात येगळं."

सुकन्याने तापमापी पाहिली. तिसगावची दुपार, वर पत्रा, खोलीतच एक्केचाळीस अंश! पुस्तकात लिहिलं होतं, खोलीच्या तापमानापासून तापवत न्या. कुणाच्या खोलीच्या, हे सरांनी विचारलं नव्हतं.

या द्रवाचे रेणू म्हणजे प्रार्थनेला उभी मुलं. पस्तीस अंशांपर्यंत बरीचशी एका दिशेने तोंड करून असतात; तिथं घंटा होते आणि पांगापांग. विजेच्या ओढीला रांग एक उत्तर देते, पांगलेली पोरं दुसरं. ते उत्तर म्हणजे परावैद्युतांक. आमचे सर घंटा झाल्यावर शाळेत पोहोचले होते, आणि सांगत होते, इथं रांग कधी लागतच नाही.

भिमाजींनी रसवंतीतून बर्फ आणला. पिशवीत भरून सुकन्याने तो नमुन्याच्या डबीभोवती लावला. चाळीस अंश, सदतीस, छत्तीस. परावैद्युतांकाचा आकडा अकरावर ढिम्म. पस्तीसच्या खाली येताच चौदा, मग सोळा.

सर धावत आले. "यंत्र बिघडलं! खोड ते आकडे."

"यंत्र ठीक आहे, सर. निबंध चुकलाय. माझं नाव काढा."

"अगं, काढलं तर उद्या चूक निघाल्यावर कुणाची म्हणायची?"

"जे नाव उरेल, त्याची."

सर खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले, चष्मा पुसला, आणि हळूच म्हणाले, "भिमाजी, बर्फ उरलाय का रे?"