महादेवाची लोंब

शामकलानं ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला, तेव्हा बोटांना धानाऐवजी कापड लागलं.

मृग चार दिवसांवर आला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकण्यासाठी बियाणं काढायचं काम आजवर मायचं. बांबूच्या तट्ट्यांची, शेणामातीनं लिंपलेली ती पुरुषभर उंच ढोली माय दुसऱ्या कुणाला उघडू द्यायची नाही. डोळे गेल्यावरही नाही. शिवरात्रीनंतर सतराव्या दिवशी माय गेली. ढोलीला कुलूप नसतं, पण मान असतो. तो यंदा शामकलाकडे आला होता.

तिनं कापड ओढून काढलं. मायच्या हिरव्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, तीन गाठी मारलेला. गाठी दातांनी सोडवाव्या लागल्या. आत लुचई धानाच्या पाच लोंब्या होत्या. देठांना लाल धागा, त्यावर वाळलेलं कुंकू. थोडे दाणे गळून कापडाच्या घडीत जमले होते.

शामकला तिथंच खाली बसली.

ओसरीवर तिचा धाकटा भाऊ भोजराज नांगराला फाळ ठोकत होता. तिथून तो ओरडला,

"का व बाई, बियाणाले कीड लागली का?"

 लोंब्या कशाच्या आहेत हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचा जीवच त्यांच्यावर तरला होता.

संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात शामकला सहा वर्षांची होती आणि तिच्या अंगावर देवी आल्या होत्या. त्यांच्या केशोरी गावात त्या साली घरागणिक एक लेकरू गेलं. तेव्हा माय, म्हणजे देवकाबाई, अंगणात उभी राहून जंगलापलीकडच्या प्रतापगडच्या महादेवाकडे तोंड करून बोलली होती, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात: "पोरगी ठेव. माह्या जिवात जीव आहे तोवर दर साली बांधीतली पहिली लोंब तुही."

पोरगी राहिली. शिवरात्र आली, तेव्हा बाप दुधराम तापानं अंथरुणाला खिळला होता. तो म्हणाला, "पुढल्या साली जाऊ."

"महादेवानं पोरगी पुढल्या साली देतो म्हटलं होतं का?" असं विचारून देवकाबाईनं स्वतःच रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, बैल जुपले. बाईमाणसानं कासरा धरलेला गावानं तोवर पाहिला नव्हता. लोक दारात येऊन उभे राहिले. कुणी म्हणालं, दुधरामची बायको वाया गेली. ती शेतातच वाढलेली; बापाच्या घरी म्हशीची शेपटी धरून तलाव पार करायची. रेंगी हाकणं तिला चूल फुंकण्याइतकंच सोपं होतं. पुढं जंगलात वाटेवर वाघ बसलेला दिसला, बैल थरथरून थांबले, तर ही खाली उतरली आणि बैलांच्या पुढं उभी राहून वाघावर ओरडली, "सरक गा! देवाले जाऊन राहिलो आमी. तुले यायचं असंल तर मागून ये."

वाघ उठून गेला. ही गोष्ट माय दर वर्षी सांगायची आणि वाघ दर वर्षी थोडा मोठा व्हायचा.

शामकलाला मात्र वाघ आठवत नव्हता. तिला आठवत होती रेंगीत अंथरलेली, अंगाला टोचणारी धानाची तणस आणि त्या तणशीतून दिसणारी मायची पाठ. सरळ, घामानं भिजलेली.

नंतर अर्जुनीवरून गोंदियाची छोटी आगगाडी सुरू झाली, तेव्हा माय नुसती बघायला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाहून पितळी लोटा घेऊन परतली. बाप आठ दिवस बोलला नाही. "बरं झालं," माय म्हणाली, "आठ दिवस भजन शांत झालं." संध्याकाळचं तिचं भजन कधी चुकलं नाही, आणि शिवरात्रही चुकली नाही. नवरा गेला, दोन लेकरं गेली, शामकला तिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली. त्या त्या सालीही बांधीतल्या पहिल्या पाच लोंब्या प्रतापगडावर पोचल्या.

अशा मायच्या पोटी शामकला भित्री निघाली. चौदाव्या वर्षी मायनं तिच्या हातात कासरा दिला होता. बैलांनी पाऊल उचलताच तिनं तो फेकून दिला आणि रडत उडी मारली. मायनं कासरा उचलला. रागावली नाही, पण पुन्हा कधी दिलाही नाही.

यंदाच्या माघात माय खोकल्यानं पार वाळून गेली होती. तीन सालांपासून डोळ्यांत मोतीबिंदू. तरी शिवरात्र जवळ आली तशी ती भोजराजला रोज विचारायची, "बैलाइले पेंड चारली का?"

"मी नेतो मायले," भोजराज म्हणाला.

"आणि वाटेत काही झालं तर?" शामकला म्हणाली.

"झालं तर झालं. महादेवाच्या वाटेवर जाईल. तिले त्याचं दुःख नाही होणार, बाई."

"मले होईल ना!"

मग तिनंच ती गोष्ट काढली. गावच्या तलावापलीकडे अर्जुनाच्या झाडाखाली एक जुनी पिंड होती. रेंगी शेताशेतानं फिरवायची, नाल्यातून काढायची, तलावाच्या पाळीवर चढवायची आणि तिथं न्यायची. मायला काय दिसणार?

भोजराज म्हणाला, "मायले फसवतेस ते फसवतेस, देवाले बी?"

"देव सगळीकडं असते."

"मंग मायले घरीच काऊन नाही सांगत?"

तिनं त्याच्या पायावर हात ठेवला, तेव्हा तो कबूल झाला.

शिवरात्रीच्या सकाळी गावचा पोहा, म्हणजे पायी निघालेली भक्तमंडळी, गाणी म्हणत खऱ्या वाटेला लागली. रेंगी तलावाकडे वळली. माय तणशीवर बसली होती, ओटीत काहीतरी जपून धरलेलं. गाण्यांचा आवाज दूर जाऊ लागला तसं तिनं विचारलं,

"पोहा मागं राहिला का व?"

"हो, माय. आपली रेंगी पुढं निघाली."

"माहे बैल पुढंच राहतेत," माय म्हणाली आणि तिनं ओटी आणखी घट्ट धरली.

नाल्यात शामकला म्हणाली, "नदी आली, माय." मायनं हात जोडले. उन्हं माथ्यावर येईतो रेंगी फिरवली, मग मायला पिंडीपाशी उतरवलं. शामकलानं सोबत आणलेली घंटा वाजवली. मायनं वाकून पिंडीवरून हात फिरवला.

"यंदा महादेव लहान झाला व."

शामकला घाईनं म्हणाली, "तुह्या हातात बळ नाही राहिलं, माय. म्हणून तसं वाटते."

माय हसली. तिचा हात ओटीत गेला. पुढचं शामकलाला बघवलं नाही; तिनं तोंड तलावाकडे फिरवलं. वळून पाहिलं तेव्हा पिंडीवर बेलाची पानं होती. लोंब्या पानांखाली असतील असं तिनं धरून घेतलं.

घरी आल्यावर मायनं नेहमीचं काम केलं. प्रवासाहून आलेल्या बैलांचे खूर ती स्वतः बघायची. प्रतापगडच्या वाटेवरच्या नदीची रेती फटीत अडकली तर जनावर लंगडतं. दिसत नव्हतं, तरी भोजराजच्या आधारानं खाली बसून तिनं एकेका खुराच्या फटीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. मग बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"थकले नाही गा बैल," ती म्हणाली. आणि शामकलाकडे वळून, "चांगलं दर्शन झालं, पोरी. तू होतीस म्हणून झालं."

त्या रात्री शामकला कित्येक दिवसांनी गाढ झोपली होती.

चार दिवसांनी माय म्हणाली, मले बियाणाले हात लावू दे. शामकलानं तिला धरून ढोलीपाशी नेलं. मायचा हात बराच वेळ धानात होता. म्हाताऱ्या माणसाची हौस, असं शामकलाला वाटलं होतं.

आता मांडीवरच्या लोंब्यांकडे बघताना तिला ते बोट दिसत होतं, नाकाशी नेलेलं.

ती उठून ओसरीवर आली आणि कापड भोजराजपुढं धरलं. त्यानं हातोडी खाली ठेवली. लोंब्यांना हात लावला नाही.

"खुरात तलावाची काळी माती होती," तो हळूच म्हणाला. "रेतीचा कण नव्हता. मी तवाच समजलो, मायले समजलं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. मायनं माहा हात दाबला."

आतल्या खोलीत कोंबडी धानात शिरली होती. दोघांपैकी कुणी तिला हाकललं नाही.

"बैल जुप," शामकला म्हणाली.

"आता? चार दिवसानं पऱ्हे टाकाचे आहेत. आणि शिवरात्र कवाची गेली. तठी आता चिटपाखरू नसंल."

"नसू दे."

"पुढल्या शिवरात्रीले नेऊ ना, बाई. मी स्वतः नेतो."

"मले पुढल्या साली ठेवलं होतं का महादेवानं?"

भोजराज मग उठून गोठ्याकडे गेला.

रेंगी अंगणात आली तेव्हा शामकलानं तीन गाठी पुन्हा मारल्या होत्या, मायनं मारल्या तशाच. लोंब्या ओटीत घेऊन ती पुढच्या बाजूला, हाकणाऱ्याच्या जागी चढली. भोजराज क्षणभर कासरा हातात घेऊन उभा राहिला. मग त्यानं तो तिच्या हातात दिला आणि स्वतः मागं जाऊन तणशीवर बसला.

 बैलांनी पाऊल उचललं, तसा तिचा जीव चौदा वर्षांच्या पोरीसारखा उडाला. कासरा मात्र तिनं सोडला नाही.

गावाबाहेर वाट फुटते. डावीकडे तलाव, उजवीकडे जंगलातून प्रतापगड. बैल कुणी न सांगता, रोजच्या शेताच्या सवयीनं, डावीकडे वळले.



शामकलानं उजवा कासरा ओढला. बैल थबकले. त्यांनी कान हलवले, जणू ओळखीचा आवाज यायचा राहिला होता. तिनं मायसारखी हाळी दिली आणि पुन्हा ओढला.