शंखात गळलेला आवाज

आंबागडच्या किल्ल्याखाली मांडव पडला होता आणि मांडवात एका रांगेत बसलेली आठ माणसं कानाला शंख लावून रडत होती, हसत होती, मान डोलावत होती. सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं. एका म्हाताऱ्याला हरवलेल्या बैलाची दिशा, चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्या निकेशला बढतीचा योग, त्याच्या शेजारच्या बाईला सुनेच्या पोटातला मुलगा. मागे उभी असलेली गर्दी "शंखनाथ बाबा की जय" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"तुमचा मोबाइल एका टायमाले एकाशीच बोलते!" बाबा माइकवर गरजत होते. "भगवंताचं नेटवर्क पाहा! एक श्वास, हजार कान! ना टॉवर, ना रिचार्ज!"

रिचार्ज नव्हता हे खरं. दानपेटी होती.

सिहोऱ्याच्या शाळेतले विज्ञानाचे धनंजय सर आधीच्या सोमवारी तिथे रेडिओ घेऊन गेले होते. कुठे चोरून प्रक्षेपण होतं का, ते शोधायला. त्यांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, नुसती खरखर. बाबांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, "मास्तरच्या डब्ब्यात भगवान येईन काय!" तेव्हापासून गर्दी दुप्पट झाली आणि सरांना पानठेल्यावर उभं राहणंही नकोसं झालं.

मी रीना, सिहोऱ्याचीच. पुण्यात बिनतारी संदेशवहनावर काम करते. अनेक माणसांचं बोलणं एकाच लहरीवरून, एकमेकांत न मिसळता न्यायचं, तर प्रत्येकाला आकड्यांची वेगळी माळ द्यावी लागते. त्या माळा तयार करणं हे माझं काम. पण गावी आले ते त्यासाठी नाही. माझ्या आत्येबहिणीचा, डिंपलचा फोन आला होता. "ताई, आईनं माह्या गोळ्या बंद केल्या. लय दुखते."

डिंपलला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांवर ती शाळेत जात होती, सायकल चालवत होती. मी पोचले तेव्हा ती खाटेवर कंबर धरून वाकडी पडलेली. अंग तापलेलं, डोळे पिवळे.

"आत्या, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला नेऊ."

"पुनवेलोक थांब," शकुनआत्या म्हणाली. "डॉक्टर म्हणते जनमभर गोळ्या खा. शंखातून सांगून राहिले का पुनवेले रोगच निंगून जाते. मी कोणाचं आयकू?"

मी समजावलं, भांडले, पाया पडले. डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. तिने तो बाजूला केला. नवरा गेल्यापासून पोरीला एकटीने वाढवलेली ती बाई, तिच्या भीतीपुढे माझं शिक्षण म्हणजे वाऱ्यावरचा भुसा. शेवटी ती एवढंच म्हणाली, "देव सांगन तं नेतो."

म्हणून मी तिच्यासोबत मांडवात गेले.

रांगेत बसवण्याआधी कुलदीप नावाचा बाबांचा चेला चहा देत होता. चहाबरोबर चौकशी. "कुठच्या तुम्ही ताई? काय अडचण?" मी सांगितलं, "लग्न जुळून नाही राहिलं. मंगळ आहे." माझ्या लग्नाला वर्षं झाली होती. कुलदीप हळहळला आणि पडद्यामागे गेला.

मग शंख मिळाला. कानाला लावला तर खरोखर आवाज आला, गोड, घोगरा. "बेटी, तुझा मंगळ मी शांत करतो. सातपुड्याच्या दिशेनं नवरा मुलगा येईल." मला हसू येणार, एवढ्यात त्या आवाजाच्या खालून, भिंतीपलीकडून यावा तसा, दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, पण स्पष्ट. "शकुन, औषधाले हात लावू नको. पोट्टीले तीर्थ दे."

मी वळून पाहिलं. शेजारी आत्या डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते: "होय बाबा, होय."

देवाचा आवाज शेजारच्या शंखात गळत नाही. गळतो तो निष्काळजीपणे केलेल्या माळांमधून. दोन माळा एकमेकींपासून पुरत्या वेगळ्या नसल्या की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात झिरपतं. हा दोष काढण्यातच माझे दिवस जातात.

मी आत्याच्या हातातला शंख घेतला आणि माझा तिच्या कानाला लावला.

"काय करून राहिली वो?" ती दचकली.

"ऐक. देव तुझ्याशी बोलतो ना? मग कोणत्याही शंखातून तुझंच बोलेल."

ती ऐकत राहिली. मग गोंधळून म्हणाली, "हे तं लग्नाचं सांगून राहिले. माह्या लग्नाचं?"

आजूबाजूला खसखस पिकली. मी ओरडले, "सगळे शंख बदला! शेजाऱ्याचा घ्या!" निकेशने आधी बदलला. त्याला सुनेच्या पोटातला मुलगा ऐकू आला आणि त्या बाईला खाणीतली बढती. बाबा किंचाळले, "पाप! ओळ तुटली! शंख जूठा झाला!" तेवढ्यात मी शंख दगडावर आपटला. आतून बटणाएवढी बॅटरी, बोटाच्या पेराएवढी चिप आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रात असतो तसला इवलासा भोंगा बाहेर पडला. गर्दीत मागे उभ्या असलेल्या धनंजय सरांनी धावत जाऊन पडदा ओढला. मागे टेम्पो होता, टेम्पोत माइक हातात धरलेली माणसं, आणि छताला एक अँटेना. एकच.

"पण मग माझ्या रेडिओत नुसती खरखर का?" सरांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं.

"तुमसरच्या बाजारात एकाच वेळी पोवारी, गोंडी, हिंदी, आपली झाडीबोली चालू असते. कोणतीच भाषा येत नाही त्याला तो नुसता कलकलाट. ज्याला जी येते तेवढीच कळते, बाकीचा गलबला. इथं तसंच आहे. प्रत्येक बोलणं अधिक-उणेच्या एका लांब माळेनं गुणून हवेत सोडायचं. ते इतकं पसरतं की साध्या रेडिओला खरखरच वाटतं. शंखातल्या चिपला आपली माळ ठाऊक. तिनं पुन्हा गुणलं की आपलं बोलणं उभं राहतं आणि बाकीच्यांचे अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. तुम्ही चहा पिताना सांगता, तेच हे तुम्हाला ऐकवतात."

काही लोक दानपेटीकडे धावले, काही बाबांच्या अंगावर. काहींनी मलाच शिव्या दिल्या. त्या धांदलीत टेम्पो निघून गेला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. बाबा बावनथडी नदीपलीकडे दिसल्याचं नंतर कुणी सांगितलं, नाव बदलून.

आम्ही डिंपलला तशीच उचलून भंडाऱ्याला नेलं. ती वाचली. पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. रक्त न पोचल्याने खुब्याचं हाड मरायला लागलं होतं. "गोळ्या चालू असत्या तर..." म्हणत त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. आठ जणांचे आवाज एका लहरीत वेगळे करता येतात, मेलेलं हाड जिवंत करता येत नाही.

आत्या आता गोळी स्वतःच्या हाताने देते, वेळ चुकवत नाही. परवा तिने हळूच विचारलं, "रीना, हा खोटा निंगाला. पण एखादा खरा असनच ना?"

तिने विचारलं त्यात लबाडी नव्हती, आईचा जीव होता, आणि हे लोक नेमके त्यावरच जगतात. पुढचा बाबा शंख आणणार नाही. याहून नवं यंत्र आणेल, आणि ते उघडून दाखवायला कुणी तिथे असेलच असं नाही. म्हणून यंत्र समजलं नाही तरी चालेल, एवढं मात्र धरून ठेवा: पोराचं औषध बंद कर असं सांगणारा आवाज आकाशातून येवो की पाताळातून, आधी पोराला दवाखान्यात न्या. आवाज कुणाचा, ते मागाहून शोधता येतं.