खाचेतलं लॅकर

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. अर्ध्या गल्लीतले म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होते, त्यामुळे नावात खोट काढायला जागा नव्हती. कवळी बसत नसली तर जोर लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. थोडं घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांच्या स्वतःच्या दाताच्या कण्या झाल्या होत्या.

अशा माणसाने घरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. मुलगी बँडमध्ये वाजवायची, तीही मैत्रिणीची गिटार मागून आणून. तिचा एकही कार्यक्रम यांनी पाहिला नव्हता. दर वेळी ऐन वेळेला कोणाची तरी कवळी मोडायची आणि हे दुकानातच अडकायचे. शेवटी यांनाच लाज वाटली आणि एकदा जेवताना ते म्हणाले, "या वेळी तू माझ्या हातची गिटार वाजवायची. आणि मी पहिल्या रांगेत बसणार."

मुलगी लगेच हो म्हणाली.

मग मागच्या खोलीत भुसाच भुसा झाला. फळी कापून बॉडी झाली, तारांची लांबट दांडी, म्हणजे नेक, घासून गुळगुळीत झाली आणि नेक जिथे बॉडीत बसते ती खाच कोरायला तर यांनी देव पाण्यात घातले. पण नेक बसली अशी, की स्क्रू न लावता नुसती नेक धरून उचलली तरी बॉडी सोबत वर यायची. मध्ये कागद सरकेल तर शपथ. घरी येईल त्याला हे उचलून दाखवायचे. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही दाखवलं, त्याने बिचाऱ्याने मान डोलावली.

रंगाचं काम बायकोकडे गेलं. जुनी कपाटं, खुर्च्या नव्यासारख्या रंगवून देणं हाच तिचा धंदा, आणि फवारणीचा हात तर इतका सारखा की ओघळ दिसायचा नाही. तरी यांना राहवलं नाही. "लाकूड कुठे एक ठिपकाभरसुद्धा कोरडं राहता कामा नये," यांनी बजावलं. तिने लॅकरचा, म्हणजे चकचकीत रंगाचा, हात दिला, वाळवला, घासला, वर पुन्हा दिला. असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी गडद लाल बॉडीत तोंड दिसायला लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी यांनी बॉडीवरचं फडकं काढलं, नेक हातात घेतली आणि खाचेवर टेकवली. ती आत जाईना. फिरवून पाहिली, तिरकी करून पाहिली, आणि मग बॅटरी लावून खाचेत डोकावले. आत लॅकर चमकत होतं, त्याच्या थरांनी खाच अरुंद झाली होती.

"खाचेत कोणी मारलं हे?"

"मीच मारलं," बायको दारातून म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, ठिपकाही कोरडा ठेवू नको."

"अगं, पण खाचेत? पट्टी चिकटवून ती बंद करायची असते."

"मग ते तुम्ही सांगायचं होतं. कपाटाला मी आतूनही रंग देते."

ती खरं बोलत होती, म्हणूनच यांचं डोकं जास्त फिरलं. एवढी मेहनत बोटभर खाचेपायी मातीत जाणार होती. दात-ओठ खात यांनी नेकवर फडकं ठेवलं आणि वरून हातोडी घातली. जन्मभर ज्याला नाही म्हटलं तेच केलं. टच्‌ असा आवाज आला आणि खाचेच्या कडेचा नखाएवढा लाल टवका उडून टेबलाखाली गेला.

तेवढ्यात मुलगी आत आली. तिच्या पाठीवर मैत्रिणीची गिटार होती. ती पाहून यांना टवक्यापेक्षा जास्त लागलं.

"म्हणजे माझ्याकडून होणार नाही, हे तू धरूनच चालली होतीस."

"बाबा, अजून तारासुद्धा लावलेल्या नाहीत. निघायची वेळ झाली."

"लावतो की. हे एवढं घासलं की झालं."

"राहू द्या ना. तुम्ही चला." ती जरा थांबली. "गिटार मी कुठे मागितली होती? ती केलीत तर तुम्ही याल, म्हणून हो म्हटलं."

हे यांनी ऐकलं, पण डोळे खाचेवरून हलले नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

"जागा धरून ठेवते," बायको म्हणाली, आणि दोघी गेल्या.

घरात शांतता झाल्यावर हात ताळ्यावर आले. कानशीने थोडं घासलं, बसवून पाहिलं, फुंकर मारली, पुन्हा घासलं. मध्येच बायकोवर चिडले, मग लॅकरवर, मग स्वतःवर. आता एवढंच, म्हणून प्रत्येक वेळी आणखी थोडं घासत राहिले. अंधारलं तेव्हा दिवा लावला आणि पुन्हा बसले. शेवटी नेक अलगद आत गेली. स्क्रू पिळले, नेक धरून गिटार वर उचलली. मध्ये फट नव्हती. दाखवायला घरात कोणीच नव्हतं.

तारा लावायलाही न थांबता, गिटार चादरीत गुंडाळून ते धावत निघाले. सभागृहाच्या पायऱ्या चढताना समोरून माणसं उतरत होती. कोणी गुणगुणत होतं, कोणी चपला शोधत होतं. गिटार छातीशी धरून हे त्यांच्यातून आत शिरले.

आत एक माणूस खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता. मंचाच्या कडेला बसून मुलगी वायर गुंडाळत होती. यांनी चादर सोडली. तिने गिटार मांडीवर घेतली, नेकच्या जोडावरून बोट फिरवलं, उडालेल्या टवक्यापाशी जरा थांबली.

"छान बसलीय, बाबा," ती म्हणाली. "कागदसुद्धा जाणार नाही."

तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती मनापासून बोलत होती.

पहिल्या रांगेत बायको अजून बसलेली होती, आणि शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती. खुर्च्या मिटणारा माणूस तिथवर येऊन थांबला. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"ही खुर्ची घ्या," ती त्याला म्हणाली. "रिकामीच होती."