वास घ्यायचा ग्लास

मी एक जुना ग्लास आहे. पण मित्रांनो, ग्लास म्हटल्यावर पाण्याचा नाहीतर सरबताचा ग्लास तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. माझं पोट गोल आहे, तोंड आवळलेलं आहे आणि बूड चांगलं जाडजूड आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, फुलदाणी करायला घेतली आणि बिघडली. पण मला असंच घडवलं, कारण माझं मुख्य काम पिण्याचं नसून वास घेण्याचं आहे. वास पोटात साठावा आणि आवळलेल्या तोंडातून थेट नाकात जावा, म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्यात स्कॉच ओततात, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की. ती मोठ्या माणसांची भानगड आहे. तुम्हाला तिच्याशी काही कर्तव्य नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी वसईजवळच्या भुईगावात राहतो, रॉबर्टच्या घरी. या घरात पूर्वी दोन माणसं राहत होती. आता एक माणूस राहतो आणि एक वास राहतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. तिथं भट्टीत वाळू वितळत होती, तिचं मऊ, लालभडक काहीतरी साच्यात पडलं आणि मी झालो. गार होताना फार भीती वाटली, एवढंच आठवतं. मग मला आणि माझ्या भावंडांना एका खोक्यात, मऊ कागदात गुंडाळून ठेवलं. रॉबर्टची मुलगी सँड्रा परदेशात नर्स आहे. तिनं ते खोकं वडिलांसाठी आणलं. तिच्या आईनं, रोझमेरीनं, आम्हाला एकेक करून उजेडात धरलं आणि म्हणाली, "एवढ्याशा तोंडात माझा हात कसा जायचा गं धुवायला?" माझी काही भावंडं पुढं बेसिनमध्ये फुटली, एकाला मांजरानं पाडलं. मी राहिलो, कारण मी रॉबर्टचा होतो. माझ्या बुडाला एक टवका उडालेला आहे. त्या खुणेवरून तो मला ओळखायचा आणि रोझमेरी सोडून दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

रॉबर्टनं उमेदीची सारी वर्षं जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली. बंदराबंदरांतून फिरताना त्याला स्कॉचचा नाद लागला. नाद पिण्याचा म्हणाल तर फारसा नाही. एक घोट तासभर पुरवायचा. त्याचं सारं वैभव नाकात होतं. त्याचा दोस्त जयवंत बँकेतून निवृत्त झालेला, विरारला फ्लॅटमध्ये राहणारा. त्याला संग्रहाचा नाद. हौशी माणसांच्या या दोन जाती असतात, मित्रांनो. एक बाटली फोडणारी आणि एक जपणारी. रॉबर्ट फोडायचा, जयवंत जपायचा. जयवंतच्या काचेच्या कपाटात बाटल्या अशा उभ्या असत की त्याच्या नातवंडांना तिथून पळायचीसुद्धा बंदी होती. तिसरा विघ्नेश, विरारच्याच मनवेलपाड्याचा, मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारा तरुण. तो या दोघांचं ऐकायला आणि मध्येच शंका काढायला येई.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, जेवणं झाली की दुपारी ही मंडळी ओटीवर जमत. मग तुलनेचा खेळ सुरू होई. बाटलीवरचं नाव दिसलं की माणूस नावाचीच तारीफ करत सुटतो, म्हणून नाव झाकायचं. त्यासाठी रोझमेरीनं एक रीत पाडली होती. सँड्राचे शाळेतले लांब मोजे ती बाटल्यांवर चढवायची. एका बाटलीला पांढरा, एकीला निळा, एकीला टाच फाटलेला. मग आत जाऊन ग्लासांत थेंबथेंब ओतून आणायची. कुठल्या मोज्यात काय आहे ते तिला एकटीला ठाऊक. ती स्वतः कधी थेंब चाखायची नाही. म्हणायची, "तुम्ही भांडा. मी निकाल सांगते."

आणि रॉबर्ट मला नाकाशी धरायचा. डोळे मिटायचा.

"राजोडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेत, आणि बाजूला कुणीतरी नारळाची सोडणं पेटवलीत," तो म्हणायचा. "हा स्कॉटलंडच्या बेटावरचा माल." दुसऱ्या वेळी म्हणायचा, "हा आपल्या सुकेळीचा वास. पिकलेली केळी उन्हात सुकवताना येतो ना, तोच." जयवंत मोबाइलमध्ये बघून सांगे, की तिकडचे जाणकार याला रानफुलांचा मध म्हणतात. रॉबर्ट हसायचा. "त्यांनी वसईची सुकेळी खाल्ली नाही, त्याला मी काय करू?" मोजा खाली ओढला जाई, आणि निकाल दरवेळी रॉबर्टच्या बाजूनं लागे. त्या वेळी मला इतका अभिमान वाटायचा की विचारू नका. वाटायचं, नाक त्याचं असलं तरी निम्मी करामत माझी आहे.

मग साथीचं ते दुसरं वर्ष आलं. रॉबर्ट आणि रोझमेरी दोघंही तापानं पडली. तिला दवाखान्यात नेलं, त्याला घरातच कोंडून ठेवलं. ती परत आली नाही. तिला पुरायला अंगभर प्लास्टिक घातलेली चार अनोळखी माणसं गेली. रॉबर्टला जाता आलं नाही. त्या दुपारी चर्चची घंटा ऐकून त्यानं तिच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, माझ्यात थोडी स्कॉच ओतली आणि मला मेणबत्तीशेजारी ठेवलं. खिडकीतून वारा आला आणि मेणबत्ती विझली. धुराची एक बारीक रेघ वर गेली. त्यानं मला उचलून नाकाशी नेलं, आणि तसाच बसून राहिला. त्याला काहीच येत नव्हतं. धूर नाही, स्कॉच नाही, काही नाही. तापानं त्याचा वास नेला होता.

पुष्कळांचा वास त्या तापात गेला आणि पुष्कळांचा परत आला. रॉबर्टचा आला नाही. आलं ते वेगळंच.

एका सकाळी त्यानं मला रिकामंच उचललं. मी धुतलेला, पुसलेला, कोरडा. नाक जवळ आणलं. "रोझमेरी," तो म्हणाला. त्याला विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. पुढं तो वास त्याला माझ्यात रोज येऊ लागला. स्कॉच ओता, पाणी ओता, काही ओतू नका, वास तोच. आता तुम्हाला एक सांगतो. काच वास धरत नाही, हा आमच्या जातीचा मोठा गुण. प्लास्टिकचा डबा कालची भाजी आजही सांगेल, काच सांगणार नाही. मी स्वतःला आतून बाहेरून ओळखतो. माझ्यात मेणबत्ती नव्हती. तरी तो इतक्या खात्रीनं वाकायचा की मलाच भीती वाटू लागली. कपाटात अंधारात उभा असताना मी माझंच पोट चाचपून पाहायचो, की खरंच कुणी आत येऊन राहिलंय का.

रविवार पुन्हा सुरू झाले. रॉबर्टनं कुणाला काही सांगितलं नाही. नाक गेलं म्हटल्यावर जयवंत कशाला येईल, विघ्नेश कशाला येईल, ही त्याची धास्ती. घरात बोलायला दुसरं होतं कोण? आता मोजे चढवायला रोझमेरी नव्हती, तेव्हा ते काम त्यानंच अंगावर घेतलं. निळ्यात काय, पांढऱ्यात काय, टाच फाटलेल्यात काय, हे त्याला आधीच ठाऊक. मग मला नाकाशी धरून, डोळे मिटून तो जुनेच शब्द म्हणायचा. बोंबील, सोडणं, सुकेळी. निकाल बरोबर यायचा आणि दोघं माना डोलवायचे. मला मात्र त्याचा श्वास लागायचा. वास घेणारा माणूस श्वास सावकाश आत ओढतो. रॉबर्ट श्वास धरून ठेवायचा, घाबरलेल्या माणसासारखा.

असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण जयवंतला त्याच्या स्वप्नातल्या बाटलीचा पत्ता लागला. एका बेटावरची स्कॉच गाळायची भट्टी, केव्हाच बंद पडलेली. तिथली स्कॉच आता नव्यानं होणं शक्य नाही. जयवंत तिच्यासाठी वर्षानुवर्षं झुरत होता. मुंबईतल्या एका माणसाकडं तशा दोन बाटल्या होत्या, एक फोडलेली आणि एक बंद. बंद बाटली तो द्यायला तयार होता, पण बदल्यात जयवंतचं अख्खं कपाट हवं होतं. फोडलेल्या बाटलीतला घोटभर नमुना त्यानं औषधाच्या बाटलीतून पाठवला होता.

जयवंतनं ती चिमुकली बाटली रॉबर्टपुढं ठेवली. "तू हो म्हणालास तर देतो. तू नाही म्हणालास तर विषय संपला. माझ्या नाकावर माझा भरवसा नाही."

नमुना माझ्यात ओतला. मोजा नव्हता, नाव ठाऊक होतं, पण खरं की खोटं हे फक्त वासानं कळणार होतं. रॉबर्ट वाकला. माझ्यात काय होतं ते मला पहिल्या थेंबालाच कळलं. कच्चं स्पिरिट आणि केकमध्ये घालतात तो व्हॅनिला इसेन्स. मी ओरडून सांगितलं असतं, पण काचेचं तोंड नुसतं आवळलेलं असतं, बोलकं नसतं.

"अंकल, मला पण एकदा स्मेल घेऊ द्या ना," विघ्नेश म्हणाला. "सील का फोटो देखा मैंने, जरा गडबड वाटते."

रॉबर्टनं माझ्या तोंडावर तळवा ठेवला. "एवढ्याशात किती जण वास घेणार? उडून जाईल." मग त्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही, जयवंतच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काय हवं होतं ते स्पष्ट दिसत होतं, आणि रॉबर्टनं तेच वाचून दाखवलं.

"खरी आहे," तो म्हणाला. "दे कपाट."

जयवंतचं कपाट रिकामं झालं. पुढच्या रविवारी तो बाटली छातीशी धरून आला. अशी बाटली जपायची की फोडायची, असं विघ्नेशनं विचारलं, तर म्हणाला, "आयुष्यभर जपलं. ही मी रॉबर्टसोबत फोडणार." इतक्या जुन्या बाटलीचं बूच ओढताना मोडतं, त्याचा भुगा होतो. हे मुकाट्यानं निघालं. विघ्नेशची भुवई तिथंच वर गेली.

तीन ग्लासांत ओतली. जयवंतनं नाक जवळ नेलं आणि त्याचा चेहरा उतरला. ज्याचा स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता, त्यालासुद्धा समजलं. विघ्नेश काही बोलणार तेवढ्यात जयवंतनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. दोघं रॉबर्टकडं बघत राहिले. तो डोळे मिटून, श्वास धरून, मला नाकाशी लावून म्हणत होता, "बोंबील... नारळाची सोडणं..."

कुणी मान डोलवली नाही. रॉबर्टनं डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यांकडं पाहून त्याला सगळं कळलं.

"कधीपासून?" जयवंतनं विचारलं.

"ती गेली तेव्हापासून."

"इतके रविवार मी तुला विचारत होतो, रॉबर्ट. तू मला सांगायला हवं होतंस." जयवंतचा आवाज चढला नाही. तो उठला, ओटीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. आता हा पायऱ्या उतरणार आणि पुन्हा येणार नाही, असं मला वाटलं. रॉबर्टलाही वाटलं. त्याच्या बोटांचा घाम माझ्या अंगाला लागला.

"मला काहीच येत नाही असं नाही," रॉबर्ट त्याच्या पाठीला म्हणाला. "एकच वास येतो. विझलेल्या मेणबत्तीचा. सँड्राला फोनवर सांगितलं, ती म्हणाली डॉक्टरला दाखवा. डॉक्टर म्हणाले असा वास नसतोच, तुमच्या मेंदूचा खेळ आहे. असेल खेळ. पण जयवंत, तिला पोचवायला मी गेलो नाही रे. मला वाटतं ती मला पोचवायला थांबलीय."

बागेत विहिरीचा पंप चालू होता, तो बंद झाला. मग जयवंत परत आला. त्यानं रॉबर्टच्या हातातून मला घेतलं. इतक्या वर्षांत रॉबर्टनं मला रोझमेरी सोडून दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं; आज त्यानं बोटं सोडली. जयवंतनं ती खोटी स्कॉच, ज्यात त्याचं अख्खं कपाट गेलं होतं, अंगणातल्या मातीत ओतून दिली. मला पाण्यानं धुतलं, धोतरासारख्या मऊ झालेल्या स्वतःच्या रुमालानं पुसलं, आणि रिकाम्या माझ्यात नाक घातलं. डोळे मिटले. श्वास सावकाश आत ओढला, अगदी आतपर्यंत.

"येतोय," तो म्हणाला.

"खरंच?" रॉबर्टनं विचारलं.

"खरंच. मेणबत्तीचा. वहिनीच."

रॉबर्ट रडला. तिच्या मातीला जाता आलं नाही तेव्हापासूनचं सगळं रडला. विघ्नेशनं चष्मा पुसायचं निमित्त काढलं.

जयवंतला खरंच वास आला का, ते मला ठाऊक नाही. मी धुतलेला होतो, कोरडा होतो, रिकामा होतो. पण त्या श्वासानंतर माझ्या पोटात काही क्षण जे राहिलं, त्याला मी तरी रिकामं म्हणणार नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. टवका उडालेल्या ग्लासाचं आयुष्य ते किती. एवढंच मागतो, की घरातलं म्हातारं माणूस एखाद्या दुपारी म्हणालं, "मला कसलासा वास येतोय," आणि तुम्हाला तो येत नसेल, तर लगेच "काही नाही, भास आहे" म्हणून खिडकी उघडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि एकदा नाक जवळ नेऊन पाहा.