सारसाच्या घरट्याचा पट

मित्रांनो, मी खेळाचा पट आहे. कारखान्यातून आलेला नाही. आमगावजवळच्या एका गावातल्या शिक्षिका समीक्षाताई यांनी मोडक्या कपाटाची पाठ घासून गुळगुळीत केली, तिच्यावर धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, रंगवल्या आणि मधोमध सारसाचं घरटं काढलं. तोच मी.

आधी माझ्यावर शर्यत चालायची. ज्याच्या बांधीत धान जास्त, तो जिंकला. पहिला डाव ताईंच्या सासूबाई पार्वताबाई जिंकल्या. पण ज्याने त्याने आपल्यापुरतं पाणी अडवलं होतं. घरटं कोरडं पडलं आणि कुत्र्याची सोंगटी अंड्यांपर्यंत पोचली.

"सारस मेला, मंग मी कायची जिंकली?" पार्वताबाई म्हणाल्या.

ताईंनी मला पुन्हा घासलं. नवा नियम केला. पाणी चौघांचं मिळून एकच: ज्याला हवं त्याने मागायचं, ज्याच्याकडे आहे त्याने बांध फोडून द्यायचं. पिल्लू उडालं तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले.

त्याच वर्षी श्रावणात गावातल्या बकारामभाऊंच्या बांधीत खरोखरच सारसाच्या जोडीने घरटं बांधलं. रोपं आडवी झाली. भाऊ घरटं काढून टाकणार होते. ताईंनी मला धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, झाडाखाली मांडलं आणि शेजारच्या शेतवाल्यांना खेळायला बोलावलं. त्यांत वरच्या बांधीच्या देवकाबाई होत्या. धुऱ्याच्या भांडणापासून त्या आणि भाऊ बोलत नव्हते. ताईंनी मुद्दाम दोघांना समोरासमोर बसवलं.

पहिला डाव सगळे हरले. पटावर देवकाबाईंच्या बांधीत पाणी होतं, पण भाऊंनी मागितलंच नाही.

"मांगाले जीभ नव्हती काय?" देवकाबाईंनी विचारलं.

"अन् तुले दिसून नव्हतं राहिलं काय?"

कित्येक महिन्यांत दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच. दुसऱ्या डावात पिल्लू उडालं. भाऊ उठून गेले, पण घरट्याला त्यांनी हात लावला नाही.

मग भादव्यात पावसाने दडी मारली. घरट्याभोवतीचं पाणी आटत चाललं, कुत्री घिरट्या घालू लागली. तेव्हा मी देवकाबाईंच्या ओसरीवर होतो. त्या शेजारणींना खेळ शिकवत होत्या. बकारामभाऊ अंगणात येऊन उभे राहिले.

"बाई, पानी पाह्यजे होतं," ते म्हणाले.

देवकाबाईंचंही धान तहानलेलंच होतं. माझ्यावर मांडलेला डाव तसाच टाकून त्या उठल्या, फावडं घेतलं आणि धुरा फोडायला निघाल्या.

काही दिवसांनी ताई मला काखेत घेऊन बांधीवर गेल्या. मी सारस फक्त रंगात पाहिला होता. माझ्यावरचा सारस बोटाएवढा आहे, मित्रांनो. आणि समोर तो उभा होता, राखाडी अंगाचा, लाल मानेचा. त्याने पंख उघडले, तेव्हा मागची बांधी दिसेनाशी झाली. मादीने मान आभाळाकडे नेली, त्यानेही नेली, आणि दोघांनी मिळून अशी हाक दिली की माझ्या डब्यातल्या सोंगट्या थरथरल्या. दोन अंड्यांपैकी एकच उबलं होतं. मादीच्या पायांशी पिवळसर पिल्लू पाण्यातून धडपडत चालत होतं.

बकारामभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला होता.

"एवढा मोठा जीव," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् माह्या धानात."

धान कापून झाल्यावर ते पिल्लू उडालं. बघायला सगळ्या बांध्यांची माणसं आली होती.

आता मी शाळेत असतो. कितीतरी मुलं माझ्यावर खेळली. गेल्या उन्हाळ्यात मात्र कोणीतरी मला पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलं. माझी एक कड फुगली आहे, एका बांधीचा हिरवा रंग गेला आहे. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. मला पुसून कोरड्या जागी ठेवा, सोंगट्या हरवू नका, एवढंच मागणं आहे. आणि माझ्यावर खेळून झालं की उठा, कोणाला तरी सोबत घ्या, धुऱ्यावर जा आणि पावलं न वाजवता उभे राहा. सारस उभा राहिला, की तुमच्यापेक्षा उंच असतो.