मेन स्विच पाडला तरी येणारी शक्ती

कागल रोडच्या त्या पत्र्याच्या मंडपात हजारभर माणूस ओल्या पायांनी उभं होतं. पाय धुतल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि पुसायला फडकं देत नव्हते. खाली सारवलेली ओली जमीन, समोर चौरंगावर तांब्याचा कलश. कलशाला हात लावला की म्हणे अंगात शक्ती शिरते! पुण्यवानाला मुंगी चावल्यागत, आणि पाप्याला अशी, की हात उडून मागच्याच्या थोबाडात बसावा. महाराजाचं नाव तेजोवलयनाथ. मी त्याला थरथरनाथ म्हणतो.

मी बाळासो. मंगळवार पेठेत माझं मोटारी आणि झटका मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. असल्या ठिकाणी मी थुंकायलाही जात नाही. पण त्या दिवशी माझ्या भाचीचा, अनुजाचा, निवाडा होता. तिच्या सासूच्या, बायडाबाईंच्या, पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय. थरथरनाथ म्हणाला करणी, आणि तीही घरातल्याच बाईची. घरात दुसरी बाई होती कोण? कलशानं झटका दिला तर अनुजानं तीन वर्षांची पोर सासरी ठेवून एकटीनं माहेरी जायचं, असं ठरवूनच ती मंडळी आली होती.

"पावणं, ही कॉस्मिक शक्ती हाय!" थरथरनाथ माईकवर गरजला. "कुणाला वाटतंय ह्यात लाईट सोडलीया? मेन स्विच पाडा की!"

कॉलेजात शिकवणारा एक चष्मेवाला ऐटीत पुढं आला आणि त्यानं मेन स्विच पाडला. पंखे थांबले, स्पीकरवरचं भजन बंद पडलं. मग त्यानं कलशाला हात लावला, टुणकन उडाला आणि थेट महाराजाच्या पायावर पडला. झाला शिकलेला माणूस! आमच्या लोकांना वीज म्हणजे खांबावरून येते तेवढीच ठाऊक.

पण भजन थांबल्यामुळं मला एक आवाज ऐकू आला. टक्. टक्. सेकंदाला एक. हा आवाज मी रोज दुकानात ऐकतो.

तेवढ्यात अनुजाला पुढं ढकललं. तिनं कलशाला बोटं टेकवली आणि किंचाळून मागं कोसळली. तिचा नवरा यशराज तिला धरायचं सोडून दोन पावलं मागं सरला.

"चेटकीण! चेटकीण!" मंडप ओरडला.

माझं डोकंच फिरलं. मी प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावर चढलो आणि दोन्ही हातांनी कलश धरला. काही नाही! "का ओ महाराज, माझ्याएवढा शिवराळ माणूस पेठंत न्हाय. मी कसा पुण्यवान निघालो? अनुजा, ये, चढ हितं."

"नको मामा, लई लागतंय."

"माझ्यावर इश्वास हाय न्हवं?"

ती चढली. हात लावला. पुन्हा काही नाही. मी चौरंगाचं कापड फाडलं. कलशातून निघालेली तार पडद्यामागं जात होती. तिथं एक दाढीवाला शिष्य झटका मशीन मांडीवर घेऊन बसला होता. त्याची मानगूट धरून मी त्याला मशीनसकट बाहेर काढलं.

"चंदगडकडची मंडळी हाईत का हितं? तुमच्या कुंपणाला रानडुकरासाठी लावता ते ह्येच की न्हाय? बारा व्होल्टची बॅटरी. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद हुतोय, म्हणून ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज चढवता येतंय. ते कपॅसिटरात साठतंय आणि सेकंदाला एकदा एका ठोक्यात सुटतंय. ठोका हजारो व्होल्टचा, पण पापणी लवायच्या आत संपतोय. म्हणून बॅटरी दिवसच्या दिवस पुरती आणि माणूस मरत न्हाय, नुसता उडतोय. दुसरी तार जमिनीत पुरलीया. ओल्या पायातनं वाट पुरी हुती, खुर्चीवर तुटती. आणि ह्यो नॉब! डावीकडं फिरवला की पुण्य, उजवीकडं फिरवला की पाप!"

थरथरनाथ मागच्या दारानं सटकत होता. चंदगडच्या दोघांनी त्याला तिथंच दाबून धरला आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"आणि नॉब कुणासाठी उजवीकडं फिरवायचा, हे तुला कोण सांगतंय?" मी शिष्याला हलवलं.

"घरचीच सांगत्यात की," तो रडकुंडीला आला. "नाव नोंदवताना इचारतो, कुणाचा संशय हाय म्हणून. आज ह्येंनीच सांगितलं."

त्यानं यशराजकडं बोट केलं. बायडाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आईपायी सांगितलं," यशराज पुटपुटला. "अनु, आता कळलं न्हवं समद्यांस्नी, तुझा काय दोष न्हाय. चल घरी."

अनुजानं आधी सासूजवळ उभ्या असलेल्या पोरीला कडेवर घेतलं. "मशीन सापडलं म्हणून मी निर्दोष व्हय? आणि न्हाय सापडलं असतं तर?"

ती पोरीला घेऊन माझ्याबरोबर निघाली आणि कुणी अडवलं नाही.

थरथरनाथावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवलाय. त्याची कीव मला येत नाही. पण बाबांनो, त्यानं फक्त नॉब फिरवायला लावला, नाव घरानं दिलं. चमत्कार दिसला की तार कुठं जाते ते शोधा, जरूर शोधा. आणि घरातल्या माणसाबद्दल कलशाला काही विचारायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला विचारा. अनुजाला एकानंही विचारलं नव्हतं.