पाण्यात पहिला पाय

लिलाधरकाकाचा अर्ज मी लिहिला, कारण आमच्या घरात चांगला अर्ज मीच लिहिते. दहावीत आहे, आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून माझा आवाज घरात जरा वाढलाच आहे, असं आई म्हणते. वाढू दे.

काका जेलातून सुटून आठ महिने झाले होते. तीन वर्षं आत होता. रानडुकरं धान खाऊन टाकतात म्हणून त्यानं बांधीभोवती, म्हणजे धानाच्या शेताभोवती, तार ओढून करंट सोडला होता. आमच्याकडं पुष्कळ जण सोडतात आणि पहाटे उठून काढून घेतात. त्या दिवशी काकाला उठायला उशीर झाला. खांद्यावर जाळं घेऊन तलावाकडं निघालेला टिकाराम धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, आला आणि तारेवर पडला. जागीच गेला.

सुटल्यावर काकानं कामं शोधली. जवाहरनगरकडच्या एका ठेकेदारानं पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. राइस मिलवाल्यानं कळवतो म्हटलं, तो अजून कळवूनच राहिला आहे. बांधी तर वकिलापायी केव्हाच विकली होती. शेवटी बाबा म्हणाले की गावच्या मच्छीमार संस्थेला तलावावर राखणदार पाहिजे, पण तिथं कोणत्या तोंडानं जाशील? कारण संस्थेच्या अध्यक्ष मंदाबाई, म्हणजे टिकारामची बायको.

तिसऱ्या दिवशी काका मला म्हणाला, "डिंपल, अर्ज लिवून दे."

मी समास सोडून, शीर्षकाखाली रेघ मारून अर्ज लिहिला. उत्तम पोहता येते, तलावाची लहानपणापासून माहिती आहे, वगैरे. त्या तीन वर्षांचं काय करायचं? मी लिहिलं, 'कामानिमित्त नागपूर येथे वास्तव्य.' मला तर ते वाक्य इतकं आवडलं की मी दोनदा वाचलं. काकानं न वाचताच सही केली.

रविवारी संस्थेची बैठक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टिनाच्या शेडमध्ये होती. पंधरा-सोळा जण असतील. मंदाबाई मांडीवर जाळं घेऊन फाटलेलं विणत होत्या. काका चपला बाहेर काढून कोपऱ्यात उभा राहिला, म्हणून मीच अर्ज वाचला, अगदी स्पर्धेतल्या आवाजात. नागपूरच्या वाक्याला आले तेव्हा सचिव भुपेंद्र हसला.

"कोणतं काम होतं बाप्पा? आमालेई सांग, आमीबी जाऊ."

सगळे हसले. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट मी सगळ्या गावापासूनच लपवायला निघाले होते, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

काकानं माझ्या हातातून कागद घेतला. "पोरीनं माही लाज राखाले लिवलं. मी जेलात होतो. टिकाराम माह्या तारेनं गेला. मी टायमावर उठलो असतो तं तो आज इथं बसला असता."

मंदाबाईंची सुई थांबली नाही.

मग सगळे एकदम बोलू लागले. भुपेंद्रचं म्हणणं, असा माणूस ठेवला तर लोक संस्थेला नावं ठेवतील. म्हातारे गोपीचंदआबा म्हणाले की दुसरा कोण येतो ते दाखव, दोन राखणदार तर पळून गेले. मासोळी चोरणारे पाण्यात करंटची तार टाकतात, आणि कधी तशीच चालू सोडून जातात. मागच्या महिन्यात आबांनाच झटका बसला होता. हात अजून थरथरतो, तो त्यांनी वर करून दाखवला.

मंदाबाईंनी दातानं दोरा तोडला आणि पहिल्यांदा काकाकडं पाहिलं. "पाण्यात तार हाये का नाही, काठावरून समजते का?"

"वर असली तं दिसते," काका म्हणाला. "गाळात दाबली असली तं नाही समजत. उतरल्यावरच समजते."

"मंग तू उतरशील. रोज सकाळी, आमच्या माणसाइच्या आधी. छातीएवढ्या पाण्यात. तू धड बाहेर आला, मंगच जाळं पडन."

मला वाटलं, काका आता चपला घालून निघेल.

"हो, वैनी," तो म्हणाला.

"वैनी म्हणू नको. काम कर." मग माझ्याकडं वळून, "आन् पोरी, अर्ज दुसरा लिव. तीन वर्स कोठं होता थे लिव."

भुपेंद्रनं मुकाट्यानं कागद दिला. मी तिथंच बसून लिहिलं. या वेळी रेघबिघ मारली नाही. काकानं एकेक अक्षर वाचलं आणि मग सही केली.

शनिवारी माझी सकाळची शाळा. मुद्दाम पाळीवरून सायकल घेतली. सहा जण जाळी घेऊन काठावर उभे होते, मंदाबाई सगळ्यांत पुढं. काका पाण्यात शिरत होता, पाय न उचलता, गाळ चाचपत. आधी गुडघे, मग कंबर. माझा एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. छातीपर्यंत गेल्यावर तो थोडा डावीकडं सरकला, थोडा उजवीकडं, आणि तसाच चालत काठाला आला. कपड्यांतून पाणी गळत होतं.

"या," म्हणाला.

माणसं जागची हलेनात. मंदाबाईंनी लुगडं खोचलं आणि त्याच्या बाजूनं, त्याच्याकडं न पाहता, पाण्यात उतरल्या. मग बाकीचे उतरले.

शाळेत माझी प्रार्थना चुकली. वर्गाच्या बाईंनी उशीर काहून झाला विचारलं, तेव्हा मी काका तीन वर्षं कुठं होता तिथपासून सगळं सांगितलं.